माझ्या इर्जिकीला कोण येईल

१२ मार्च ९२
आज पडद्यावर ‘ळ’ उमटला. टिंबाला टिंब जोडून. म्हंजे आता ‘क्ष’ सोडून सगळी मराठी कंप्युटरवर लिहिता येईल, माझ्याच प्रोग्रामात. दाखवावं कुणाला? मी शिकवतो त्या क्लासची पोरं टायपिंग शिकायलीत, नोकरीसाठी. शेवटी दत्ताला ओढून आणला. पक्षाचा पूर्णवेळ माणूस, ऊसतोड्यांच्यात काम करतो. माझ्या बिनगोष्टीच्या कथा परभणीत तोच एकटा ऐकतो.
“लय भारी लेका. पर ह्यो कुनाच्या कामाचा?”
मी ‘ळ’ पुसून परत उमटवला.

१९ मार्च
एका जुन्या मासिकात वाचलं. अमेरिकेत काही जण प्रोग्राम आतल्या लिखाणासकट वाटतात. घ्या, बदला, पुढं द्या. अट एकच, पुढं देताना कुलूप घालायचं न्हाई.
दत्ताला सांगितलं. द. खूश. “मंग ते आमचेच की! खाजगी मालकी खल्लास!”
म्हणलं, जमीन दिली की आपली जाते. हे दिलं तरी माझ्याकडं राहतंच. मग सोडलं काय?
“मालकपन सोडलं ना, येड्या.”
पटलं. अर्धं. त्यात वर्ग कुठंय, लढा कुठंय? देणारा आपला एका खोलीत, घेणारा दुसऱ्या. कथा पण अशीच छापावी का, खोडलेल्या ओळींसकट? कुणी पुढं लिहावी...

४ मे, पेडगाव
चुलत्याचा बैल मेला, नांगरट अडली. आज इर्जिक. बोलावणं गेलं अन पहाटेच गावातली औतं रानात. ज्याचं औत त्याचंच, कुणी कुणाचं झालं न्हाई. दुपारी सगळे चुलत्याकडं जेवले, संध्याकाळी आपापले बैल घेऊन घरी.
म्हणलं सापडलं! कम्युनिझम न्हाई, इर्जिक. जेवताना मोठ्यानं सांगत बसलो. वाढता वाढता वहिनी म्हणाली, “पर भावजी, तुमच्या इर्जिकीला कोन यायलंय? आन तुमी वाढनार काय, बटनं?”
सगळे हसले. मी पण. मग विहिरीवर जाऊन बसलो.
खरंच, कोण येईल? आतलं वाचता येणारा एक माणूस पाहिजे. एकच.

२० मे
क्लासचे मालक सर म्हणाले, कुलूप घाल, क्लासच्या नावानं विकू. न्हाई म्हणलो. सरांनी चष्मा पुसला, बास.
द.ला फ्लॉपी दिली, सगळं उघडं. पक्षाच्या मुंबईच्या ऑफिसात कंप्युटर हाय. तिथं कुणीतरी वाचील.

९ जून
द. आला. चहा नको म्हणला, तेव्हाच कळलं.
“कमिटीनं ठरीवलंय. चीज चांगली हाय. पर भायेर द्यायची न्हाई.”
का?
“भांडवलदाराच्या हाती गेली तर? कुनाला द्यायची ते कमिटी बघंल. तू बी आता कुनाला देऊ नको.”
“सर कुलूप घाल म्हणतेत, कमिटी बी तेच. फरक काय रं?”
“तू फरक इचारायलास? मला?” उठला. सायकल काढली.
असं बोलायला नको होतं. पण खोटं काय बोललो?

१५ जून
क्लासच्या दारावर कागद लावला: ‘मराठीचा प्रोग्राम. घ्या, बदला, दुसऱ्याला द्या. बदललेलं मला दाखवा.’ खाली फ्लॉप्यांची चळत. दुपारपर्यंत सगळ्या गेल्या! मी तर हवेत.

१८ जून
पोरांनी फ्लॉप्या पुसून त्यात गेम भरलेत. एक जण येऊन म्हणतो, “सर, कोऱ्या फ्लॉप्या अजून हायत का?”
द. येईना. नवी कथा लिहून पडलीय. भिंतीला वाचून दाखवू का?

२ जुलै
झरीच्या एसटीत द. भेटला. शेजारची जागा खाली होती, बसलो. त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग तोच म्हणाला, “तुझं जोडाक्षर तुटत हुतं म्हनं.”
हो. ‘क्ष’. मला जमलाच न्हाई.
“मुंबईच्या एका पोरानं नीट केलंय.”
कुणीतरी आत शिरलं होतं. माझ्या ओळी वाचल्या, जिथं मी अडलो तिथंच येऊन थांबलं.
“कसं केलं रं?”
“मला काय कळतंय त्यातलं? पर रोज तेच घिऊन बसतंय म्हनं. तुझ्याबद्दल इचारत हुतं, ह्यो मानूस कोन.”
“मग पाठव की मला.”
“भायेर द्यायची न्हाई, ठरलंय ना.”
“अरे मलाच?”
द. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसला. त्याचं उतरायचं गाव आलं.
म्हणलं, निदान त्याचं नाव तरी सांग.
उठून उभा राहिला. दांडी धरून, माझ्याकडं न बघता, “कमिटीला इचारून सांगतो.”