टेबलाखालची चटणी

चारठाणा, ४ फेब्रुवारी २०२५

ती. धुरपदाक्कास,
राजेश्रीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर बचत गटातल्या बाया कान देऊन बसतात, म्हणून ही चिठ्ठी जीपवाल्या भुजंगाकडं दिली. परभणीच्या बाजारात तुझ्या टेबलावर आमची जवसाची चटणी ठेवलीस, तवा आमी आठी जणी लय हरखलो. पहिल्या खेपेला सगळी खपली. मग पुढच्या दोन्ही खेपांना जशीच्या तशी परत का आली? आमच्यातली धम्मशीला म्हणायलीय, यापेक्षा ऊसतोडीला गेलेलं बरं. चटणीत काय कमी हाय? तूच शिकवलीस, तूच सांग.

माया असू दे.
तुझी धाकटी बहीण,
राजेश्री

पिंगळी, ९ फेब्रुवारी

चि. राजेश्रीस अ. उ. आशीर्वाद.

चटणीत काही कमी न्हाई. पहिल्या बाजारी तुझी चटणी नेलेल्या एक शाळेतल्या बाई दुसऱ्या बाजारी मैत्रिणींना घेऊन आल्या अन् चारठाण्याची चटणी मागायल्या. मी माझी पुढं केली, म्हणलं, मीच शिकवलंय तिला. त्यांनी चाखली अन् हसून म्हणाल्या, बहिणीच्या हाताला चव जास्त हाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तवापासून तुझी पाकिटं टेबलाखाली ठेवली अन् विचारणाऱ्याला संपली म्हणून सांगितलं.

लहानपणी आई तुझ्या भाकरीचं कौतुक करायची, तवाबी मी अबोला धरायचे. आता मात्र आठ जणींच्या पोटावर पाय दिला. माल पाठव, वर मांडते. रागाव, पण नातं तोडू नको.

तुझी,
धुरपदाक्का

चारठाणा, २ मार्च

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र बायांना वाचून दाखवलं. धम्मशीला काय म्हणाली ते लिहीत न्हाई. आमच्यातली एकबी तिथं न्हवती, म्हणून तुला लपवता आलं. तू बाजारात बसतेस, अनोळखी माणसांशी बोलतेस, याचा मलाबी लय हेवा वाटायचा. कधी बोलले न्हाई.

आता माल पाठवत न्हाई, आमीच येतोय. बाजार भरवणाऱ्यांकडं अर्ज केला होता, तुझ्या समोरचीच जागा मिळाली.

राग अन् लोभ दोन्ही घेऊन येते.
राजेश्री

पिंगळी, १० मार्च

चि. राजेश्रीस आशीर्वाद.

काल बाजार उठताच तुमी गाडी धरायला पळालात, बोलणं झालं न्हाई. त्या शाळेतल्या बाई आधी माझ्याकडंच आल्या. मी तुझ्याकडं बोट दाखवलं. हात लय जड झाला होता. मग दिवसभर तुझ्या पुढची गर्दी बघत जळत बसले. खोटं कशाला सांगू?

दुपारी तुझा माल संपल्यावर उरलेली गिऱ्हाइकं तू माझ्याकडं पाठवलीस, त्याचा तर आणखीनच राग आला. पुढच्या बाजारी पाठवू नको. माझी चटणी मी खपवीन. येताना जास्त माल आण, म्हणजे पाठवायची पाळीच येणार न्हाई.

तुझी,
अक्का