धुकट काचेतली सौदत

मार्गिलान, ३ सप्टेंबर

चि. एल्योर आणि चि. झुल्हुमोर यांस मुहय्यो मावशीचे अनेक आशीर्वाद.

सौदतच्या लेकरांनो, तुमची-माझी तक्रार एकच आहे: आपल्या माणसाचा चेहरा आपल्यापाशी उरलेला नाही. परवा तुमच्या आईला जाऊन वर्ष झालं त्या दुआला, एल्योर, तू केलेल्या चित्रणातली तिची फीत लावलीस. तीस वर्षं तिच्यासोबत एकाच तंदूरवर नान लावलेल्या पाश्शाखोनने माझ्या कानाला लागून विचारलं, सौदतचे कपडे घालून बसलेली ही बाई कोण गं?

माझ्या बहिणीच्या ओठाखाली नाण्याएवढं कोड होतं, हसली की ते तिरकं व्हायचं. फितीत ते नाही आणि ते हसूही नाही. कुठे घालवलंस रे? तिचा एक तरी खरा चेहरा शोधून पाठव. झुल्हुमोरच्या लग्नाला येतेच आहे.

तुमची मावशी

ताश्कंद, ९ सप्टेंबर

ती. मावशीस सलाम, वि. वि.

मी कॅमेरा हाती घेतल्यापासूनच्या अकरा वर्षांच्या फिती पाहिल्या. खरी आई एकीतही नाही. तीच म्हणायची, बाळा, काच लाव. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ती धुकट काच बसवली की कातडी मऊ दिसते, कोडाची कड विरघळते. संगणकावर केलं असतं तर ते काढून मूळ चेहरा परत आणता आला असता. काचेतून आत गेलं ते कायमचं.

आता पुढचं झुल्हुमोरला सांगू नका. तिच्या हनुवटीवरही डाग उठलाय. नवऱ्या मुलाला ठाऊक आहे. तो म्हणतो, माझं टक्कल तुम्ही लपवणार नसाल तर हिचं काय म्हणून लपवायचं? पण त्याची आई काचेसाठी हटून बसली आहे. झुल्हुमोर मला म्हणाली, दादा, मला त्या काचेत घालू नकोस, माझी मुलं मला कुठे शोधतील?

तरी लग्नात मी काच लावणार आहे. तिला कळणार नाही. फितीत डाग दिसला नाही की सासू गप्प बसेल; सासरी तिला आईसारखं तोंड लपवून जगायला लागू नये.

मात्र काल तिला समोर बसवून काचेतून पाहिलं, तर ती फितीतली बाई बसली होती. माझ्याकडे बघत होती. काच काढली तेव्हा झुल्हुमोर विचारत होती, एवढा घामाघूम का झालास?

आपला एल्योर

मार्गिलान, १४ सप्टेंबर

चि. एल्योर यास आशीर्वाद.

जन्मभर मी बाजारात, शाळेत, मशिदीच्या दारात ओरडत आले की कोड हा गुन्हा नव्हे, तो कुणाला लागत नाही. लोक टाळ्या वाजवायचे. आता ऐक. तुझी पहिली काच मी आणली होती. माझ्या सभेच्या चित्रणात सौदत माझ्याशेजारी बसणार होती आणि मला लाज वाटली. तिने काच मागितली नव्हती. मला ती हवी होती. तिने फक्त माझं ऐकलं, मग त्याची सवय करून घेतली.

ती बाई आता माझ्या आरशात येते. मला हसत नाही, बोलत नाही. वाट पाहते.

झुल्हुमोरच्या सासूबाईंशी मी बोलेन, तोंड आहे मला. रागावलास तरी मावशीवरची माया आटू देऊ नकोस. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, रिवाजाप्रमाणे नवरी पाहुण्यांना सलाम करायला पडद्यामागून येईल, तेव्हा काच लावू नकोस. भिंग उघडं ठेव.

मुहय्यो मावशी