पांढरी बट कुणाकडची?

परतूर, बुधवार

चि. बद्रीनाथ यास साळूआत्याचा आशीर्वाद. इकडं सगळे जिवंत आहेत, तिकडचं तू कळव. दोन वेळ जेवतोस का, का पुस्तकच चावून राह्यलास? तुझ्या आईनं दिलेलं तूप मित्रांना वाटू नको. मित्रांना आया आहेत.

मागं मी तुला कार्ड टाकलं, त्यावर जागा नव्हती म्हणून एवढंच विचारलं, की आमच्या द्वारकेला मुलगी झाली, केस काळेभोर, पण कपाळावर मधोमध एक पांढरी बट, दोन्ही घरांत अशी कुणाला न्हाई, कुणी ग्रहण म्हणतं, कुणी कोड, तर हे कुणाकडून आलं? तू शेतकी कॉलेजात कापसाच्या खानदानाचा अभ्यास करतोस, म्हणलं माणसाचंही थोडंफार कळत असंल. बारशाला काय झालं ते लिहिलं नव्हतं. आता लिहिते, म्हणजे माझं बूड का टेकत न्हाई ते तुला कळंल. (दोन ओळी लिहिते आणि उठून दारात जाते. दारात काही नसतं, मंग परत येते. अक्षर वाकडं आलं तर दाराला बोल लाव.)

सुईण म्हणाली, द्वारकेनं ग्रहणात काहीतरी चिरलं असंल. द्वारका म्हणाली, मी तर ग्रहण सुटेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसल्ते. मंग शेजारीण डोकावून म्हणाली, हे कोड दिसतंय. मी दार लोटून घेतलं. कोड म्हणलं की पोरीचं व्हायचं लग्न गेलं, आणि तिच्या आईचं झालेलं पण गेलं. आणि टेंभुर्णीहून विहीणबाई चतुराबाई बारशाला येणार, त्यांची नजर म्हणजे सुपातला खडा सुपाबाहेरून टिपणारी. मी विचार केला, बाळाला काजळाची तीट लावतातच, ती जरा लांबवली तर कुणाचं काय जातं? एरंडेलात काजळ कालवलं आणि बट बिलकुल काळी करून टाकली. इतकी बराबर जमली की पांढरी होती कुठं, असं मलाच वाटाया लागलं.

पोरीला पाळण्यात घातलं. आत्या म्हणून जावईबापूंची बहीण उषा वाकली, कानात कुर्र करून रजनी नाव ठेवलं, आणि रिवाजाप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले. (टेंभुर्णीच्या बायका मोट हाकणाऱ्यांच्या घरच्या. त्यांना हळू मारता येत न्हाई.) उषाचं तोंड सरळ पोरीच्या कपाळाला टेकलं. वर उठली तर नाकाखाली अशी झोकदार मिशी, की फौजदारानं सलाम ठोकावा. पोरं हसली. मी पण हसले, तिथंच चुकलं. मिशी कुठून आली म्हणून सगळ्यांनी पाळण्यात पाह्यलं, तर अर्धी बट पांढरी चमकून राह्यली होती.

विहीणबाई म्हणाल्या, "लपवलंत होय? हे कोड तुमच्याच घरचं."

मी म्हणलं, "आमची डोकी उघडी आहेत, बघून घ्या. तुमच्या मालकांनी लग्नापासून पटका सोडला न्हाई, त्याच्या खाली काय दडलंय ते दाखवा."

आमचे व्याही रामराव लाजून भिंतीला चिकटले. विहिणीसमोर बोडकं व्हायचं म्हणजे त्यांना मरण. पण मी पेटले होते. पाणी देता देता तांब्या त्यांच्या पटक्यावर कलंडला. (कलंडला. मी कलंडवला न्हाई, असं मी सगळ्यांना सांगितलंय, तुलाही तेच सांगते.) पटका सोडावा लागला. खाली पुरतं टक्कल! काळा केस न्हाई, पांढरा न्हाई, घासलेला हंडा. पुरावा कधीच गळून गेल्ता. मंडळी पुरणपोळीला हात न लावता स्टेशनावर गेली, जावईबापू मान खाली घालून त्यांच्या मागं. द्वारका तेव्हापासून माझ्याकडंच आहे. रडत न्हाई. घासलेली भांडी परत घासते. रडली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

आता तुझ्या उत्तराचं. तू लिहितोस, शरीराच्या कणाकणात सगळाच मजकूर असतो, नखात डोळ्याचा आणि डोळ्यात नखाचा, पण ज्याला जेवढा लागतो तेवढाच उघडा, बाकीचा बंद, म्हणून डोळ्याला नख फुटत न्हाई. हे मला पटलं. आमच्या घरात लोणच्याची बरणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, झाकण कधी निघायचं ते मी ठरवते. (शरीरातली ही म्हातारी कोण, ते तू लिहिलं न्हाई. मास्तरांना विचार.) पुढं लिहितोस, मजकूर बीमध्ये उतरताना कधी एखादं अक्षर बदलतं. पुष्कळदा काही होत न्हाई, कधी रोप मरतं, कधी बोंड मोठं येतं. हिच्यात एवढंच झालं, की रंग करणारे कण पाठीकडून चालत निघतात, ते कपाळाच्या मध्यावर पोचलेच न्हाईत. कोड न्हाई, पसरणार न्हाई, ग्रहणाचा संबंध न्हाई. दोन्ही घरांत कुणालाच अशी बट न्हाई, म्हणजे बदल नवा, दोष कुणाचाच न्हाई.

बद्रीनाथ, दोष कुणाचाच न्हाई तर भांडायचं कुणाशी? तरी मी तुझं पत्र घेऊन आगगाडीनं जालन्याला आणि तिथून मोटारीनं टेंभुर्णीला गेले. ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. विहीणबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "साळूबाई, गल्लीत कुत्रं आलं तरी कुणाच्या मागं आलं ते सांगता येतं. अन् ही बट कुणाच्याच मागं आली न्हाई होय?" मी पत्राची घडी घातली. पत्र त्यांनी ठेवून घेतलं, चुलीत घातलं असंल. मी चहा पिऊन परत आले. चहात साखर होती, म्हणजे दार पुरतं लागलेलं न्हाई.

बाकी ठीक. तुझ्या अभ्यासाला यश येवो.

तुझी आत्या,
साळूबाई

ता. क. खरं काम राह्यलंच. 'कुणाचंच न्हाई' हे लोकांना पचत न्हाई. तर मास्तरांसारखं लाल शाईनं नवं पत्र लिही, म्हणजे लोक मानतील, की ही बट साळूबाईच्या आजीकडून आली. आजी मेली, तिला पाह्यलेलं कुणी उरलं न्हाई, आणि मला कुणी नावं ठेवल्यानं आता काय फरक पडतो? द्वारकेवर मात्र येऊ देऊ नको. कोड न्हाई हे मोठ्या अक्षरात. जल्दी पाठव.

आणखी ता. क. थांब. हे पाकिटात घालायच्या आत जावईबापू दारात. आईचा निरोप घेऊन आल्ते, की अशीच बट आमच्या आजेसासूला होती, तिनं एकटीनं शेत राखलं, पोरगी तिच्यावर गेली, घेऊन ये. (बारशाच्या दिवशी ही आजेसासू कुठं गेल्ती?) मी तोंड उघडणार, तेवढ्यात द्वारका बोचकं घेऊन बाहेर आली. ते बांधलेलंच होतं. मंग मी पाणी तापवलं. पोरीचं डोकं धुऊन दिलं, बट स्वच्छ पांढरी. दुपारच्या गाडीनं गेले.

तेव्हा वरचं खोटं लिहू नको. खरंच लिही आणि कागद द्वारकेच्या नावानं पाठव, की ना त्यांच्या आजेसासूकडून, ना माझ्या आजीकडून, ही बट रजनीपासून सुरू झाली. तिच्या निम्म्या पोरांना येऊ शकते म्हणतोस. तेव्हा त्यांच्या बारशाला कुणी विचारलं, कुणाकडून आली, तर बोट दाखवायला एक माणूस असंल.

लाल शाई राहू दे. काळीच बरी.