वर्षालीची पंधरा मिनिटं

३ ऑगस्ट, शनिवार
नागपूरच्या ऑनलाइन क्लासवाल्या गुंजन मॅडमचा फोन. पुढच्या रविवारी चार ते पाच लाइव्ह वेबकास्ट. विषय : ‘थोडक्यात, पण प्रभावी सादरीकरण’. वक्ता : मी. सव्वीस वर्षं वार्ताहर म्हणून इतरांची भाषणं सोसली. आता इतरांनी माझं सोसावं, हा न्यायच.
शेवटची पंधरा मिनिटं वर्षालीचा डेमो. नाचणगावच्या वांगीवाल्या गोपालरावांची ही मुलगी, बी.एस्सी. डेमो आवडला तर मॅडम तिला विज्ञान शिकवायला घेणार. नाव मीच सुचवलं. केलेल्या उपकाराची नोंद करू नये. म्हणून करत नाही.

५ ऑगस्ट
संकल्प : पहिल्या तीस सेकंदांत मुद्दा. ‘या ठिकाणी’ वर्ज्य. रोज आरशासमोर सराव.
सराव उद्यापासून. आज आरशात सौ. होती.

६ ऑगस्ट
वर्षाली आली. धडा : पानं पिवळी का पडतात. मळ्यातली पानं घेऊन आली होती. तासभर मार्गदर्शन केलं. ती दोन मिनिटं बोलली. ग्रहणशील आहे.

८ ऑगस्ट
आमच्या घरी नेट रडतं. बापूजींच्या हॉलमध्ये उत्तम. बापूजी सोसायटीचे माजी अध्यक्ष. हॉल दिला, म्हणाले, मले काई लंबं बोलाचं नाई, दोनच शब्द. बापूजी आले म्हणजे माजी उपाध्यक्ष कैलासराव आले. दोघं बसले म्हणजे सत्कार आला. मंगलाचरणाशिवाय ग्रंथ होत नाही. एकूण दहा मिनिटं धरली.

१० ऑगस्ट
शाली घेतल्या : चार. दोन पाहुण्यांना, एक राखीव. चौथीबद्दल कैलासरावांना सुचवलं, की ऐनवेळी त्यांना उत्स्फूर्तपणे माझा सत्कार करावासा वाटला, तर शाल टेबलाखाली आहे. त्यांनी विचारलं, कितव्या मिनिटाले वाटाचं?
सौ. म्हणाली, नारळ मोबाइलातून पलीकडे जाते का? दुर्लक्ष केलं.

११ ऑगस्ट, दुपारी ३.३०
सर्व सज्ज. वर्षाली ओल्या फडक्यात पानं बांधून कोपऱ्यात बसली आहे, शेजारी गोपालराव.

११ ऑगस्ट, संध्याकाळी ७
दीप लागेना, पंखा बंद केला, लागला. ४.०९. बापूजींचे दोन शब्द ४.३१ला संपले. कैलासरावांना ४.३६ला उत्स्फूर्तपणे वाटलं. फोटोसाठी नारळ नेमका कॅमेऱ्यासमोर धरला गेला. मग मी थोडक्यात बोलण्याचं महत्त्व सांगितलं, ४.५६पर्यंत. वर्षाली सारखं मनगटावर बोट ठेवून दाखवत होती. मला वाटलं, नाडी जोरात चालली आहे; नवख्यांना होतं तसं.
मग तिचा परिचय करून दिला. सविस्तर.
तिनं पान उचललं, म्हणाली, “हे पान पिवळं...” आणि पाच वाजले. पुढचा क्लास असतो. लिंक आपोआप बंद होते.
तिनं पानं परत फडक्यात बांधली. गोपालराव म्हणाले, “भाऊ, पोरगी आठ दिवसांपासून भिंतीले शिकवून राह्यली होती. भिंतीनं तरी पुरं आयकलं जी.”
दोष नेटवर्कचा.

१२ ऑगस्ट
बातमी लिहिली : ‘वेबकास्टला उदंड प्रतिसाद’. सुरुवातीला त्रेचाळीस जण होते, शेवटी चार. त्यातली एक सौ., घरून, रडक्या नेटवर. बातमीत वर्षालीचं नाव बसेना. तिच्या पंधरा मिनिटांसारखंच.
बातमी पाठवली नाही. नेटवर्क उत्तम होतं.

१३ ऑगस्ट
मॅडमना फोन करायचा संकल्प. मुद्दे काढले : अकरा. दुपारी केला. मॅडम म्हणाल्या, वर्षालीचा सकाळीच आला होता. एका मिनिटात सगळं सांगितलं तिनं. उद्या चारला डेमो आहे. आणि सर, तुम्ही त्रास घेऊ नका.

१४ ऑगस्ट, रात्री
नाचणगावला गेलो. क्षमायाचना लिहून नेली होती, चार पानं, मंगलाचरण वगळून. वर्षाली वांग्याच्या वाफ्यात उभी, मोबाइल बांबूला बांधलेला. पहिलंच वाक्य : “हे पान पिवळं आहे. याला काय हवं असेल?” बांधावर उभं राहून मीही विचार करू लागलो. चौदा मिनिटांत संपवलं. मॅडमनी तिथंच सांगितलं, सोमवारपासून ये.
मग तिनं मला पाहिलं. हातातले कागदही पाहिले. हसली नाही. मी कागद खिशात घातले. म्हणालो, “चुकलो, बाई.”
ती म्हणाली, “काका, चहा घेऊन जा.”
गोपालरावांनी घड्याळाकडे पाहिलं. “बस? झालं, भाऊ?”
झालं होतं. पिशवीत राखीव शाल होती. काढली नाही.