हॉलंडचा अकरा

कुंडल, १४ फेब्रुवारी १९९५

अकराला तुमच्यात काय म्हणतात, हे हॉलंडहून द्राक्षं न्यायला आलेल्या पाहुण्याला मी उगाच विचारलं. ‘एल्फ’ म्हणाला. मूळ अर्थ म्हणे, दहा झाल्यावर एक उरला. तो मी आमच्या अण्णांना सांगितला, हीच चूक.

“उरला म्हंजे घरचा! लय शुभ शब्द हाय!” मग नेहमीसारखं एकाच्या जागी ‘लाभ’ म्हणत, ‘लाभ, दोन, तीन’ करत अण्णांनी पेट्या मोजल्या आणि प्रत्येक अकरावी पेटी थेट देवघरात. आता देवापुढून ती उचलणार कोण? मी? पाहुणा ट्रकपाशी डोकं खाजवत उभा. अण्णा त्यालाच म्हणतात, “आवं, तुमचाच शब्द!”

जेवताना पाहुण्यानं सांगितलं, बाराचा अर्थ ‘दोन उरले’.

“काय म्हंतोय रं?” अण्णांनी विचारलं.

“चटणी तिखट लागली म्हणतोय.”