खैरपांढरीतले शेवटचे रीळ

खैरपांढरी, ता. जामखेड
५ फेब्रुवारी १९४५

तीर्थस्वरूप दादांस,
धाकट्या रतनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिले. वस्तुतः मी खुशाल नाही, आणि त्याला कारण तुमचे मेहुणे.

पंधरा दिवसांपूर्वी गावात बोलपटाचा फिरता तंबू आला. त्याचे मालक खाजाभाई आमच्याकडे उतरले आहेत. बोलावले कोणी नव्हते. परंतु येथे शाळा आणि टपाल दोन्ही एकाच मास्तरांकडे आहेत आणि हे मास्तर कोणाला नाही म्हणत नाहीत, एवढे त्यांना वेशीवरच कळले असावे. रिळांचे डबे माझ्या चुलीशेजारी रचले आहेत. दुसऱ्या बोलपटाची पेटी नगरहून यायची आहे, तोवर रोज तोच खेळ.

खेळ एका कारकुनाचा आहे. साहेब, शेजारी, सासू, सगळे त्याला राबवतात आणि तो हसत राहतो. शेवटच्या रिळात मात्र तो टेबल उलथतो, दौत साहेबांच्या अंगावर फेकतो, बायकोला पुन्हा हाक मारू नकोस असे बजावतो आणि लोहमार्गावरून चालू लागतो. मागे वळून पाहत नाही. तेथेच खेळ संपतो.

यांनी तो नऊ वेळा पाहिला आहे. घरी आल्यावर टपालाच्या टेबलाखाली दोन्ही पंजे घालून वजन अजमावतात. काल दौत उचलून दाराकडे नेम धरला होता. मी विचारले, तर शाई आटली का ते पाहतो म्हणाले.

येथील तऱ्हा तुम्ही जाणताच. लंकाबाईचा गोरक्षनाथ पलटणीत आहे. त्याचे एकच पत्र ती आठवड्यातून चार वेळा वाचून घेते, न जाणो मागल्या खेपेस मास्तरांनी एखादी ओळ गाळली असली तर! पाटील येतात ते सरकारी खुर्चीत बसतात आणि हे उभ्याने शिक्के मारतात. खाजाभाईंना दिवसाकाठी चार चहा लागतात. हे हसत असतात, आणि दादा, ते हसणे आता मला थेट त्या कारकुनासारखे दिसू लागले आहे. हे असेच एके दिवशी उठून निघून गेले तर मी काय करू? तुम्ही तीस वर्षे वकिली केलीत, तर्कशास्त्राचे बक्षीस मिळवलेत. त्याचा आज बहिणीला उपयोग होऊ द्या.

लोभ आहेच, तो उत्तराच्या रूपाने लवकर पोचावा.

तुमची,
रतन


नगर
७ फेब्रुवारी (कार्ड)

चि. सौ. रतन हीस,
राधाकृष्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात भीती पुष्कळ आहे, पुरावा थोडा. म्हणून प्रश्न रीतसर मांडतो.

प्रतिज्ञा : आसारामराव बिथरणार नाहीत. हेतू : कारण ते आळणी आमटी न बोलता संपवतात. उदाहरण : जो जो आळणी आमटी न बोलता संपवतो, तो तो टेबल उलथत नाही, जसे आपले अप्पाकाका. उपनय : मागल्या दिवाळीत माझ्या देखत आसारामरावांनी तुझ्या हातची तशी आमटी दोन वाट्या संपवली. निगमन : म्हणून ते बिथरणार नाहीत.

शिवाय जामखेड तालुक्यात लोहमार्ग नाही. तेव्हा त्यावरून चालत जाणे हे कृत्य तेथे संभवतच नाही. निश्चिंत असावे.

कार्ड संपले, आशीर्वाद संपलेले नाहीत.

राधाकृष्ण


खैरपांढरी
१० फेब्रुवारी

ती. स्व. दादांस,
रतनचा शि. सा. न. वि. वि.

दादा, पैसा वाचवायला तुम्ही कार्ड लिहिलेत आणि माझी अब्रू घालवलीत.

टपाल आले की कार्ड ज्याचे त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे, हा येथील रिवाज आहे. मी आत भाकऱ्या थापत होते, हात पिठात. नेहमीच्या सवयीने आतूनच वाचा म्हटले. यांनी वाचले. ओसरीवर दहा-बारा माणसे होती. प्रतिज्ञेपासून निगमनापर्यंत एकही अक्षर गाळले नाही. प्रत्येक पूर्णविरामाला थांबले. आमटीपाशी आल्यावर लंकाबाई मध्येच म्हणाली की अगं बया, मास्तरांना घरात मीठबी मिळत न्हाई व्हय, लई गरीब मानूस हाय. पाटील म्हणाले की वकीलसाहेब लाख बोलले, आमचा मास्तर काय बिथरत न्हाई, आणि खुर्चीत आणखी रेलून बसले. कार्ड संपल्यावर हे एवढेच म्हणाले की दादांचे अक्षर सुरेख आहे.

संध्याकाळी जेवायला बसले. पहिला घास घेतला, थांबले, आणि मीठ मागितले.

चौदा वर्षांत पहिल्यांदा! माझ्या हातातून वाडगे पडले. मीठ वाढताना मी विचारले की रागावलात का. तर म्हणाले, छे, आणि हसले.

तुमचा हेतू पडला, दादा. आणि लोहमार्ग नाही हे खरे, परंतु रोज सकाळी नगरला सर्व्हिस मोटार जाते, हे तुम्ही विसरलात. यांनी काल वहाणांना नवे अंगठे लावून घेतले.

आशीर्वाद पाकिटातून धाडावे, ही पायांपाशी विनंती.

रतन


नगर
१२ फेब्रुवारी (पाकीट)

चि. सौ. रतन हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे म्हणणे मान्य. ज्या क्षणी आसारामरावांनी मीठ मागितले त्या क्षणी माझा हेतू असिद्ध झाला. असिद्ध हेतूला चिकटून राहणे मूर्खाला शोभते किंवा सरकारी वकिलाला; मी यांपैकी कोणी नाही. सबब नव्याने विचार केला.

मनुष्य नुसत्या त्रासाने बिथरत नाही. तसे असते तर आपला जिल्हा केव्हाच रिकामा झाला असता. त्रासाला शेवट असतो, असे त्याला कोणीतरी दाखवावे लागते. आसारामरावांचा त्रास चौदा वर्षांचा. शेवट मात्र त्यांना तीन आठवड्यांपूर्वी दिसला, आणि तो त्या शेवटच्या रिळात आहे. कारण काढून घेतले की कार्य उत्पन्न होत नाही. तेव्हा खाजाभाईंना गाठ आणि ते रीळ वगळायला लाव. कारकून सोसतो, हसतो, दिवे लागतात, लोक घरी जातात. हा खेळ दोन-तीनदा पाहिला की सोसणे हेच समाप्तीचे स्थान आहे, अशी आसारामरावांची आपोआप खात्री पटेल.

हा उपाय निर्दोष आहे. तरी पत्र वाचून चुलीत टाकावे.

लोभ पूर्ववत, फक्त वरून डिंक लावला आहे.

राधाकृष्ण


खैरपांढरी
१६ फेब्रुवारी, सकाळ

ती. स्व. दादांस,
रतनचा नमस्कार. वि. वि.

हे निघून गेले आहेत.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मी खाजाभाईंना पुरणपोळ्या घातल्या आणि गळ घातली. ते म्हणाले की बहेन, शेवट कापलेला खेळ म्हणजे शेंडी नसलेला नारळ, पण तुमच्या हातची पोळी खाल्ली, आता नाही कसे म्हणू. काल गुरुवार, बाजारचा दिवस. पाच गावांच्या गाड्या सुटल्या होत्या. आम्ही बायका कनातीच्या अलीकडे, हे पलीकडे पुढच्या रांगेत.

कारकुनाने टेबलाखाली हात घातले आणि दिवे लागले. खाजाभाईंनी खेळ संपला म्हणून पुकारा केला. मग जो गिल्ला झाला! आमच्या बाया ओरडत होत्या की त्यानं टेबल पाडल्याबिगर आमी उठायच्या न्हाई. कोणी तंबूची दोरी सोडू लागला. तेव्हा पाटील उठले आणि त्यांनी हुकूम सोडला की मास्तर, तुमी धा-बारा डाव बघितलाय, उठा, पुढं काय हुतं ते मंडळींना सांगा.

दादा, चौदा वर्षांतले एवढे एकच काम त्यांना सांगायला नको होते.

हे उठले. पांढऱ्या पडद्यापुढच्या खोक्यावर उभे राहिले. शाळेत धडा सांगतात त्या आवाजात म्हणाले की आता कारकून टेबल उलथतो, आणि तिकिटांचे टेबल उलथले. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग कारकून साहेबांना काय म्हणतो ते सांगू लागले : ही खुर्ची सरकारने टपालमास्तरासाठी धाडली आहे, तुमच्या पाठीसाठी नव्हे. पाटील सर्वांत मोठ्याने हसत होते. खुर्ची ऐकल्यावर थांबले. मग लंकाबाईला सांगितले की तुझा गोरक्षनाथ पहिल्या वाचनाला खुशाल होता, तो चौथ्या वाचनाला अधिक खुशाल होत नाही. खाजाभाईंना सांगितले की चहा मागण्याआधी घरात दूध आहे का ते विचारावे. शेवटी कनातीकडे तोंड करून म्हणाले की ज्याच्याविषयी जगाला लिहून विचारता, त्याला घरात एकदा विचारून पाहावे.

मग पडदा बाजूला सारून मागल्या अंगाने निघून गेले. वळून पाहिले नाही. लोक अजून टाळ्या वाजवत होते. लंकाबाई माझ्या कानाशी म्हणाली की लई झ्याक केलं गं मास्तरांनी, अगदी खरं वाटलं.

ते घरी आलेले नाहीत. शाळेचे कुलूप तसेच आहे. तुम्ही कारण काढून घेतलेत. आता झाले त्याला काय म्हणायचे, तेही तुम्हीच सांगा. हे पाकीट सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. शिक्का मारायला माणूस नाही.

रतन


नगर
१७ फेब्रुवारी

चि. सौ. रतन हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आसारामराव माझ्याकडे आहेत. हे वाक्य पहिले लिहिले. बाकीचे सावकाश वाच.

काल दुपारी तेच दारात उभे राहिले आणि तुझे पाकीट त्यांनीच माझ्या हाती दिले. ते जामखेडपर्यंत चालत गेले होते. तेथे मोटारीत चढताच ड्रायव्हरने तुझे पाकीट त्यांच्याकडे सोपवले. म्हणाला की मास्तर, हे तुमचंच काम हाय. त्यांनी ते नगरपर्यंत बंदच आणले. त्यात आपल्याविषयीच लिहिलेले असणार, हे त्यांना ठाऊक होते.

माझ्याकडे येण्याआधी ते स्टेशनावर गेले होते. गाडी आली, थांबली, निघून गेली. मी कारण विचारले. म्हणाले की रुळांवरून चालत गेलेल्या त्या कारकुनाला पुढे जेवायला कोणी वाढले, ते खाजाभाईंच्या एकाही रिळात नाही.

मग त्यांनी सांगितले की त्यांच्याजवळ पाच नावे होती, आणि तंबूत फक्त चार जण हजर होते. पाचवा मी.

माझ्यावरचा आरोप त्यांनी थोडक्यात मांडला. चौदा वर्षे मी तुला पत्रे लिहितो. त्यांतल्या बहुतेकांत ते आहेत : कधी विषय म्हणून, कधी उदाहरण म्हणून. त्यांच्या नावे एकही पत्र नाही. साऱ्या गावाची सुखदुःखे त्यांच्या हातून जातात. त्यांच्या नावे आजवर सरकारी परिपत्रकांखेरीज कागदाचा चिटोरा आलेला नाही. थैली उघडताना रोज एकदा पाहून घेतो, म्हणाले.

मी खंडन शोधले. पुष्कळ वेळ शोधले. शेवटी तुझ्या वहिनीने जेवायला बोलावले आणि मी सुटलो.

रविवारच्या मोटारीने ते परत येतील. शुक्रवार-शनिवारची रजा त्यांनी मागितली नाही, कळवली आहे. आल्यावर काही विचारायचे असेल तर त्यांनाच विचार. मला लिहू नकोस.

आशीर्वाद दोघांना, आणि या वेळी निम्मे निम्मे.

राधाकृष्ण


नगर
२४ फेब्रुवारी

रा. रा. आसारामराव यांस,
राधाकृष्णाचा स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हांला आहे. रतनला त्यातले काय सांगायचे ते तुम्ही ठरवा.

मी बरा आहे. उजवा गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारी ऐकतो. तुम्ही गेल्यावर समोरच्या वकिलांशी बुद्धिबळाचे दोन डाव हरलो. दोन्ही वेळा पटावर लक्ष नव्हते. येथे लसूण महागला आहे. पाटील आता येताना घरून पाट आणतात, असे कळले, आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. तुम्ही कसे आहात, हे मला ठाऊक नाही, म्हणून विचारतो. शाळेत कोणता धडा चालू आहे? लहानपणी तुम्हांला काय व्हायचे होते? चौदा वर्षांत मी हे विचारलेले नाही, आणि याचे समर्थन माझ्याजवळ नाही.

थैली उघडाल तेव्हा ओसरीवर मंडळी बसलेली असतील. त्यांना बसू द्यावे. आधी हे वाचावे. आणि मोठ्याने वाचू नये.

लोभ होताच, तो आजपासून तुमच्या पत्त्यावर धाडत आहे.

तुमचा,
राधाकृष्ण