आईच्या आवाजाचा वेग

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आई बोलेना! काल हौसेने लॅपटॉपचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, अपग्रेड केला. आज ती टाइप करते, बटण दाबते — आणि नुसती शांतता. चहा निवतो तेव्हा कुठे आवाज येतो. घशाच्या ऑपरेशनपासून तिचा आवाज म्हणजे हा लॅपटॉपच. विनोददादाला मुंबईला धाडलेल्या तिच्या व्हॉइस मेसेजमधून बनवलाय मी तो. "जेवलास काय रे?" — असले ढीगभर!

शनिवारी धाकटीला, आरोहीला, बघायला हेदवीची माणसं येणार. आईला स्वतः बोलायचंय.

बुधवार, १२
सापडलं! प्रोसेसरचा वेग सांभाळणारा ड्रायव्हरच नव्या कर्नलने बदललाय. हा नवा त्याला चारशे मेगाहर्ट्झच्या, म्हणजे गोगलगायीच्या, वर जाऊच देत नाही. जुना कर्नल? जागेसाठी मीच पुसला. शहाणी!

शनिवार, १५
नाहीच सुटलं. पाहुणे आले, मी रडकुंडीला. आईने बटण दाबलं. ऐकू यावं म्हणून बाबांनी टीव्ही बंद केला. मुलाच्या मामांची टकळीसुद्धा थांबली. सगळे लॅपटॉपकडे बघत बसलेले. मग आला आवाज — "पोरगी नोकरी सोडनार नाय. चालंल काय?"

मुलगा म्हणाला, "चालेल की." मामांना मध्ये पडायला जमलंच नाही.

रविवार, १६
सुटलं!! लॅपटॉप सुरू होताना वाचतो त्या बूटच्या ओळीत एक शब्द घातला — नवा ड्रायव्हर बंद, जुना हजर. मग नुसती वेगाचे आकडे बघत बसले. आई बोलायला लागली की वेग सर्रकन चढतो, गप्प झाली की उतरतो. कुणी लिहिला असेल हा ड्रायव्हर, कुठे बसून? त्यांना ना आईचं तुळसा हे नाव माहीत, ना आमचं संगमेश्वर. आणि इथे माझी आई बाबांना जेवायला हाक मारते! हात जोडले मी त्या लॅपटॉपला. खरंच जोडले.

बुधवार, १९
आई पटापट बोलते. टीव्ही चालू. बाबा तिच्या वाक्याच्या मध्येच, "बरं बरं, कळलं."

आत्ता ती लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आली. टाइप केलं, पण बटण दाबलं नाही. फक्त दाखवलं —

"परत सावकाश कर गो ह्याला. तेवा तुझे बाबा ऐकत व्हते."